करंट वाढला तोच फेज, हे दर वेळी खरं नसतं

ट्रान्समिशन लाइनच्या रिलेबद्दल (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं उपकरण) 'ज्या फेजचा करंट वाढला तो फॉल्टी, रिलेला एवढंच बघायचं असतं' असं म्हटलं जातं, पण ते खरं लाइनच्या दोन्ही टोकांना दमदार सोर्स (करंट पुरवणारी बाजू) असेल तरच. दौंडच्या बाजूला उसाचं पाचट पेटवलं की लाइनवर फ्लॅशओव्हर (हवेतून ठिणगी उडून शॉर्ट) होतात, तशा एका आर फेजच्या (तीन फेज म्हणजे आर, वाय, बी) फॉल्टचा डीआर (फॉल्टच्या वेळच्या करंट-व्होल्टेजची नोंद) आम्ही पुण्यात बसून उघडला. लाइनच्या एका टोकाला जनरेशन नाही, फक्त स्टार न्यूट्रल अर्थ केलेला स्टार-डेल्टा ट्रान्सफॉर्मर. तिथे तिन्ही फेजचे करंट जवळपास सारखे, एकावर एक बसलेले! जवळपास सगळा झीरो सिक्वेन्स (तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी सारखाच वाहणारा भाग). आरचं व्होल्टेज मात्र साफ बसलेलं. अशा ठिकाणी नुसता करंट बघणारा रिले सरळ ब्रेकरचे तिन्ही पोल उडवतो आणि सिंगल फेज ऑटो-रिक्लोज (फक्त फॉल्टी फेज उघडून थोड्या वेळाने आपोआप परत जोडणं) बोंबलतं.

म्हणून न्यूमेरिकल (मायक्रोप्रोसेसरवर चालणारे) रिले बहुधा निगेटिव्ह (उलट्या फेज-क्रमाचा भाग) आणि झीरो सिक्वेन्स करंटमधला कोन बघतात. आर-ग्राउंड फॉल्टला (आर फेज जमिनीशी शॉर्ट) तो शून्याच्या आसपास, वाय किंवा बी असेल तर १२० अंश इकडे किंवा तिकडे. गंमत अशी की वाय-बी-ग्राउंड फॉल्टलाही कोन शून्याजवळच येतो, त्यामुळे नुसत्या कोनावर भागत नाही. काही रिले मग आर-ग्राउंड आणि वाय-बी अशा दोन्ही लूपचा (फॉल्ट करंटच्या संभाव्य मार्गांचा) फॉल्ट रेझिस्टन्स काढतात, कमी भरेल तो खरा. सोलर-विंडच्या इन्व्हर्टरजवळ तर हा कोनही बेभरवशाचा, कारण तिथला निगेटिव्ह सिक्वेन्स करंट इन्व्हर्टरचा कंट्रोल ठरवतो. तिथे मी तरी व्होल्टेजवर चालणारं फेज सिलेक्शन (फॉल्टी फेज ओळखणं) चालू ठेवतो.