ते 'भोक' नव्हे, नळी

वर कुडाळच्या ताईंनी विचारलंय की 28 आठवड्यांतच जन्मलेल्या भाचीच्या हृदयाला 'भोक' आहे, ऑपरेशन लगेच करायचं का. ताई, रिपोर्टवर पीडीए (पेटंट डक्टस आर्टेरिओसस) लिहिलंय ना? मग ते भोक नव्हे. पोटात असताना रक्त फुफ्फुसं टाळून पुढे नेणारी ती नळी असते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती दोन-तीन दिवसांत मिटते, इतक्या लवकर आलेल्या बाळात पुष्कळदा उघडी राहते. मग महारोहिणीतलं (मुख्य धमनीतलं) रक्त उलट फुफ्फुसात शिरतं, ती ओली होतात आणि ऑक्सिजन सुटत नाही.

आमच्या पुतणीचं असंच झालं. 1100 ग्रॅम! श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची, बघवत नसे. आधी श्वासनळीत सर्फॅक्टंट (फुफ्फुसं उघडी ठेवणारं औषध), मग सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र), श्वास थांबू नये म्हणून कॅफिन. पीडीएसाठी पॅरासिटामॉल (हो, तापाचंच!) आणि मोजूनमापून पाणी. दहा दिवसांनी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पीडीएची नळी मिटलेली. पुष्कळ बाळांत ती औषधाशिवायही मिटते, म्हणून हल्ली डॉक्टर थांबून बघतात. ऑपरेशन किंवा मांडीच्या शिरेतून बूच, हे नंतरचं.

आमची चूक वेगळीच. कळा सुरू झाल्यावर आधी जवळच्या दवाखान्यात गेलो, तिथे आईला डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलंच नाही. ते 12 तासांच्या अंतराने चारदा देतात, बाळाची फुफ्फुसं तयार व्हायला. बाळ जन्मल्यावर भर पावसात घाट चढून कोल्हापूर गाठलं. बाळ पोटात असतानाच निघायला हवं होतं.

पुतणी आता बोंडल्याने दूध पिते. डोळ्यांची आरओपी (लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार) तपासणी मात्र विसरू नका.