अंजनवेलचं एलएनजी टर्मिनल जमिनीवर बांधलं तिथेच चुकलं

खाडीकाठ:
माझं मत सरळ आहे. अंजनवेलला, म्हणजे दाभोळ टर्मिनलला, जहाजाने आलेला एलएनजी (गार करून द्रव केलेला नैसर्गिक वायू) उतरवून पुन्हा गॅस करायला टाक्या बांधल्या आणि पैसा मातीत घातला. क्षमता वर्षाला ५० लाख टन. पण ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, अपुरा होता, म्हणून २०१३ पासून कित्येक पावसाळे जेटीला जहाजच लागलं नाही. हाती उरले जेमतेम २९ लाख. त्यापेक्षा तरंगतं टर्मिनल, म्हणजे द्रव साठवून त्याचा गॅस करणारं जहाज, भाड्याने आणायचं. जयगडला २०२१ मध्ये 'होएग जायंट' आणलं होतंच की.

थंडपाईप:
आणलं होतं, आणि पुढे ते गेलं ब्राझीलला! तरंगत्यालाही शांत पाणी लागतंच. जहाजाला जहाज लावून माल घ्यायचा, लाटा उसळल्या की तिथेही हात वर. दोष समुद्राकडच्या बाजूचा आहे, टाक्यांवर कशाला?

खर्च म्हणाल तर पावसाळ्यात "बंद" टर्मिनल खरं बंद नसतंच. टाकीत माल उणे १६२ अंशांवर. आतलं भांडं ९ टक्के निकेलच्या पोलादाचं, बाहेर काँक्रीट, मधे इन्सुलेशन. तरी उष्णता झिरपते आणि थोडा थोडा गॅस उकळत राहतो. तो कॉम्प्रेसरने दाबून, पाइपलाइनकडे निघालेल्या थंड द्रवात मिसळला की परत द्रव होतो. पाठवणीच थांबली तर मिसळणार कशात? मग थेट पाइपलाइनच्या दाबाला चढवा, नाहीतर फ्लेअरला, म्हणजे जळत्या चिमणीत, जाळा. जेटीची लाइनसुद्धा जहाज नसताना द्रव फिरवून गार ठेवतात. एकदा तापली की पुन्हा सावकाशच गार करायची, घाई केली तर पाइप आकसून वाकतो.

खाडीकाठ:
म्हणजे माझीच बाजू मांडलीत राव! माल नाही, खर्च मात्र चालू.

थंडपाईप:
आणि भाड्याच्या जहाजाचं मीटर थांबतं होय? गॅस निघो न निघो, भाडं रोजचं.

डोलकर:
दोघेही काठावर बसून भांडताय. द्रवाचा गॅस करायला समुद्राचं पाणी वापरलं की ते पाच-सात अंशांनी गार होऊन परत सुटतं, वर पाइपात शिंपले धरू नयेत म्हणून क्लोरीन. जमीन काय नि जहाज काय, आमच्या मासळीला सारखंच. जहाज आलं की त्याभोवती सुरक्षा पट्टा, तिथे मासेमारी बंद, जाळी गुंडाळा. ब्रेकवॉटरमुळे बारमाही जहाजं म्हणून नाचता. आमची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, नारळी पुनवेला आम्ही उतरणार तेव्हा जागा कुठली?

थंडपाईप:
भाऊ, समुद्राचं पाणी हा एकच मार्ग नाही. हवेवर तापवता येतं, किंवा गॅस जाळून तापवलेल्या हौदातून नळ्या फिरवून. त्यात विकायच्या गॅसमधला दीडेक टक्का जातो, म्हणून कंपन्या नाक मुरडतात.

डोलकर:
मग असं करा. कुठली पद्धत चालू आहे आणि सुटणाऱ्या पाण्याचं तापमान किती, हे रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला सांगा. टाक्या जमिनीवर की पाण्यावर ते तुम्ही नंतर ठरवा.

खाडीकाठ:
फळ्याला माझा पाठिंबा. टाक्यांना नाही.