मदत हवी आहे: पेंटियम एमएमएक्ससाठी लिनक्सचा २.६.३२ कर्नल (सिस्टिमचा गाभा) बिल्ड होत नाही

मंडळी, घोडं अडलंय. कोल्हापूरला फौंड्रीच्या लॅबमध्ये टेन्साइल टेस्टिंगचं मशीन आहे. त्याच्या एन्कोडरचे (लांबी पल्समध्ये सांगणारा सेन्सर) पल्स मोजणारं कार्ड जुन्या आयएसए स्लॉटचं, म्हणून २३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम एमएमएक्स पीसी अजून जपून ठेवलाय. गेल्या आठवड्यात त्याची हार्ड डिस्क गेली. ड्रायव्हरचा सोर्स एका सीडीवर सापडला, पण तो २.६.३२ च्या पुढच्या कर्नलवर चालत नाही.

लॅपटॉपवर डेबियन १२ लिनक्स, कंपायलर जीसीसी १२. आय३८६ साठी (३२ बिटी इंटेल) मेक ही बिल्डची कमांड चालवली तर पहिल्याच मिनिटात 'कंपायलर-जीसीसी१२.एच' सापडत नाही म्हणे. हा कर्नल जीसीसीच्या आकड्यावरून हेडरचं नाव जुळवतो, आणि २००९ साली १२ कुणाच्या स्वप्नात? जीसीसी४ ची फाइल त्या नावाने कॉपी केली. मग कर्नलच्या व्हीडीएसओ भागाच्या मेकफाइलमध्ये '-एम ईएलएफ_आय३८६' वर रडलं, तिथे '-एम३२' केलं. मग टाइमकॉन्स्ट.पीएल या पर्ल स्क्रिप्टमधलं 'डिफाइन्ड(@ॲरे)' नव्या पर्लला चालेना, तेही काढलं. आता नुसतं 'एरर २'. एक भोक बुजवलं की दुसरं. असाच पुढे जाऊ का?

प्रतिसाद १: 'एरर २' हा मेकचा फक्त निरोप, खरी चूक बरीच वर असते. '-जे१ व्ही=१' देऊन बघा, दिसेल. पण खरं सांगू? ही ठिगळं फेकून द्या. बिल्ड झालं तरी बूटला कुठे लटकेल याचा नेम नाही. डेबियन ६ चं क्रूट (लॅपटॉपवरच वेगळ्या फोल्डरमधली जुनी सिस्टिम) करा. त्यात जीसीसी ४.४ आणि कर्नल २.६.३२ च आहे. प्रोसेसर फॅमिली मात्र पेंटियम-एमएमएक्सच निवडा. पेंटियम-प्रो राहिलं तर कंपायलर सीमोव्ह घालेल, आणि ती सूचना तुमच्या चिपला कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ता: कर्नल एका दमात झाला! पण ड्रायव्हरचं मॉड्यूल चढत नाही. '__यूडिव्हडीआय३' अनोळखी सिम्बॉल. एक कबुली: ड्रायव्हरमध्ये मी एक बदल केलाय. तिथे पल्सला दहा लाखांनी गुणून मग भागतात. ३२ बिटांत ४२९४ पल्सपर्यंतच मावतं, पुढच्या पल्सला लांबी धाडकन शून्याजवळ यायची. म्हणून यू६४ (६४ बिटी आकडा) केलं.

प्रतिसाद १: मग दुखणं तेच. ३२ बिटी चिपवर ६४ बिटी भागाकार आला की जीसीसी त्याच्या लिबजीसीसी लायब्ररीतलं फंक्शन मागतो, आणि कर्नल लिबजीसीसी लिंकच करत नाही. कर्नलचं स्वतःचं डू_डिव्ह वापरा.

मूळ प्रश्नकर्ता: वापरलं, मॉड्यूल चढलं, पण रीडिंग काहीच्या बाही. अर्धा तास कार्डाला शिव्या घातल्यावर कळलं, डू_डिव्ह बाकी परत देतो, भागाकार त्याच व्हेरिएबलमध्ये ठेवतो. मी बाकीच छापत होतो. दुरुस्त केलंय. उद्या पहिल्या शिफ्टला बार ओढून ४२९५ च्या पुढे जातंय का बघतो.