पावसात काय बघितलंत?

प्रश्न (वेंगुर्ल्याहून):
चार दिवस पागोळ्या थांबत नाहीयेत, होड्या वर ओढून ठेवल्यात. काल लाईट टिकली म्हणून आईसोबत ‘किल्ला’ सिनेमा पहिल्यांदाच पाहिला. वडील गेलेले, आईची बदली, आणि पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय. मित्र त्याला पावसात किल्ल्यावर एकटा सोडून जातात, तिथे आईचा तांदूळ निवडता हात थांबला. सूप तसंच मांडीवर. बाबांच्या बदल्यांपायी मी तीन शाळा बदलल्या, म्हणून माझाही गळा दाटून आला. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनासोबत छायाचित्रणही स्वतःच केलंय. पावसातला तो करडा उजेड आमच्या पडवीत बसून दिसतो तसाच! तुम्ही अलीकडे काय पाहिलंत?

उत्तर १:
ताई, आम्ही ‘श्वास’ परत लावला. २००४ चा. ऑपरेशननंतर नातवाची दृष्टी जाणार, म्हणून आजोबा त्याला आदल्या दिवशी हॉस्पिटलातून बाहेर नेतात, जग दाखवायला. अरुण नलावडेंचा चेहरा बघवत नाही.

उत्तर २:
‘नारबाची वाडी’ बघा. वाडी मिळावी म्हणून गावचा खोत म्हाताऱ्या नारबाच्या मरणाची वाट बघतोय, आणि दिलीप प्रभावळकरांचा नारबा मजेत जगतोय. मधे थोडा रेंगाळतो, पण वाडीवरचा जीव खरा वाटतो. आमच्या आजोबांनीही शेवटपर्यंत एक माड विकू दिला नाही.

प्रश्नकर्ती:
काका, आज रात्री हाच लावते. आई आत्ताच विचारतेय, वाडी शेवटी कोणाची होते? सांगू नका हां.