अर्काला झोन आला, मग पुढे काय?

पेट्रीडिश

वनस्पती-अर्कांच्या स्क्रीनिंगचे पेपर माझ्याकडे तपासायला येतात आणि त्यातले बहुतेक मी एकाच कारणासाठी परत पाठवतो. कृती ठरलेली असते. पानं सावलीत वाळवली, भुकटी केली, मिथेनॉलमध्ये अर्क काढला, अगरच्या प्लेटवर चार जंतू, डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट मोजायची रंगचाचणी), झालंच तर एखादी कॅन्सरची सेल लाइन. शेवटी वाक्य येतं की या वनस्पतीत औषधी क्षमता असून पुढील संशोधनाची गरज आहे. ते पुढचं संशोधन कोणी करत नाही. पुढच्या वर्षी दुसरी वनस्पती घेतली जाते.

माझं म्हणणं असं: पुढच्या पायरीची तयारी नसेल तर कच्च्या अर्काचं स्क्रीनिंग करू नये, आणि केलंच तर छापू नये.

झोनचंच बघा, म्हणजे प्लेटवर अर्काभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ. अर्क १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, अगरमधल्या विहिरीत (खाचेत) ५० मायक्रोलिटर घातला, म्हणजे ५ मिलिग्रॅम. शेजारी जेंटामायसिन या प्रतिजैविकाची डिस्क १० मायक्रोग्रॅमची. अर्काची मात्रा ५०० पट, आणि निष्कर्षात लिहिलेलं असतं की परिणाम प्रमाणित औषधाच्या तोडीचा आहे. शिवाय झोनचा व्यास पदार्थ अगरमध्ये किती पसरतो यावरही ठरतो. पाण्यात न विरघळणारं तेलकट संयुग जागचं हलत नाही, ते कितीही जहाल असलं तरी झोन इवलासाच दिसणार. त्यामुळे १८ मिमीवाला अर्क १२ मिमीवाल्यापेक्षा सरस, असं म्हणताच येत नाही. एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढावी लागते. कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर लक्ष द्यावं आणि १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर तो विषय सोडावा, हा दंडक या क्षेत्रातल्या जाणकारांनी केव्हाच घालून दिला आहे.

डीपीपीएचमध्ये जांभळं द्रावण पिवळं पडतं, ५१७ नॅनोमीटरला वाचन घेतलं की काम झालं. पण फिनॉलवर्गी संयुगं असलेलं जवळपास कुठलंही पान ते पिवळं करतं. ज्या चाळणीतून सगळंच खाली पडतं तिने काय चाळलं?

फळा_खडू

झोनचं गणित मान्य. 'करू नये' हे अजिबात मान्य नाही.

मी पदव्युत्तर वर्गाला शिकवते. प्रोजेक्टसाठी एक सत्र मिळतं. एचपीएलसीसाठी (मिश्रणातली संयुगं वेगळी करणारं यंत्र) दुसऱ्या विभागाच्या रांगेत उभं राहावं लागतं, सेल कल्चरची सोय नाही. अशा वेळी कंट्रोल कसा लावायचा, तीन-तीनदा वाचन का घ्यायचं, सॉल्व्हंट पूर्ण उडाला नाही तर तोच जंतू मारतो आणि श्रेय पानाला जातं, हे मुलांना मी कशावर शिकवू? वनस्पती सहज मिळते, चाचणी स्वस्त आहे आणि चूक झाली तर डोळ्यांना दिसते. तुम्ही ज्या पायरीला निरर्थक म्हणताय, तिथेच मुलांचा हात बसतो.

आणि फक्त शिकवण्यापुरतंही म्हणत नाही मी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८१ या काळात सुमारे ३५,००० वनस्पती-प्रजाती तपासल्या. अर्कांची संख्या लाखाच्या वर होती. त्यातून टॅक्सॉल हे कर्करोगाचं औषध मिळालं. इतका मोठा ढीग चाळायचा तर बहुतेक अर्क पहिल्याच पायरीवर गळणार. गळालेल्या प्रत्येक अर्कामागे कोणीतरी पहिली चाचणी केलेली असते.

जुना_कॉलम

फळा_खडू मॅडम, टॅक्सॉलचं उदाहरण घेतलंत ते बरं केलंत, पण ते तुमच्या बाजूने जात नाही.

पॅसिफिक यू झाडाची साल गोळा झाली १९६२ साली. दोन वर्षांनी अर्क पेशींना मारतो असं दिसलं आणि तो मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्याकडे आला. त्यांनी अर्काचे फ्रॅक्शन (वेगवेगळे भाग) पाडले, प्रत्येक फ्रॅक्शन पुन्हा चाचणीला पाठवला, ज्यात जोर दिसला तोच पुढे फोडला, पुन्हा चाचणी. बारा किलो सालीतून हाती आलं अर्धा ग्रॅम. रचना प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये. ते पेशीत नेमकं काय करतं हे सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं, आणि औषध म्हणून मंजुरी मिळाली १९९२ मध्ये. सालीपासून मंजुरीपर्यंत तीस वर्षं. तिथे पहिली चाचणी करणाऱ्याला माहीत होतं की पुढचा टप्पा कोणाच्या टेबलावर आहे.

पण पेट्रीडिश, तुमचंही एक पटत नाही. पुढची पायरी नसणं हा तुम्हाला मुख्य दोष वाटतो. मला वाटतं खरा घोळ आधी आहे: प्रश्न न ठरवता चाचणी निवडली जाते. घरात डीपीपीएचची बाटली आहे म्हणून डीपीपीएच.

मलेरियावरचं आर्टेमिसिनिन घ्या. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांच्या गटाने दोन हजारांवर पारंपरिक योग (औषधांच्या कृती) धुंडाळले, सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क केले आणि ते मलेरिया झालेल्या उंदरांना दिले. चिंगहाव या वनस्पतीच्या अर्काने आधी चांगला परिणाम दाखवला आणि पुढच्या खेपेला तो टिकला नाही. तेव्हा तू योयो चौथ्या शतकातले चिनी वैद्य गे होंग यांच्या ग्रंथाकडे वळल्या. तिथे मूठभर वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितला होता, उकळायला नव्हे. उष्णतेने काहीतरी मोडत असावं, असा अंदाज त्यांनी बांधला आणि साधारण ३५ अंशांना उकळणारा ईथर वापरला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले परजीवी शंभर टक्के घालवले.

आता हीच वनस्पती आपल्या नेहमीच्या साच्यातून काढून बघा. सॉक्सलेटमध्ये (अर्क काढायच्या उपकरणात) तासन्‌तास गरम मिथेनॉल, मग डीपीपीएच. द्रावण पिवळं पडेल, कारण त्या पानांत फ्लॅव्होनॉइड्स भरपूर आहेत. त्याचा माग काढत गेलात तर फ्लॅव्होनॉइड्सपाशी पोहोचाल. आर्टेमिसिनिन मुळात पेरॉक्साइड आहे, लोहाशी गाठ पडली की त्यातला दोन ऑक्सिजन अणूंचा पूल तुटतो आणि परजीवी मरतो. अँटिऑक्सिडंट शोधणाऱ्या चाचणीला ते दिसण्याचं कारणच नाही. पुढचं सगळं काम चोख केलंत तरी चुकीच्या संयुगाचंच केलंत.

वैद्य_अनुपान

जुना_कॉलम यांनी माझं अर्धं काम केलं. गे होंग यांनी कृती लिहून ठेवली होती म्हणून तो ईथर सुचला. आमच्या ग्रंथांतही स्वरस (ताजा रस), कल्क (वाटलेला गोळा), क्वाथ (काढा), हिम (थंड पाण्यात भिजवून गाळलेलं), फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेलं) असे पाच कल्प, म्हणजे औषध बनवायचे प्रकार, वेगवेगळे सांगितले आहेत. एका द्रव्याचा काढा करायचा की रस काढायचा, ताजं घ्यायचं की वाळलेलं, कोणत्या ऋतूत खणायचं, हे ठरलेलं आहे. तुम्ही ते सगळं बाजूला ठेवून पानं मिथेनॉलमध्ये बुडवता आणि प्लेटवर झोन उमटला नाही की लिहिता, पारंपरिक उपयोगाला आधार सापडला नाही. ज्या औषधाचं काम जठराग्नी सुधारण्याचं आहे ते अगरवरच्या स्टॅफिलोकॉकस जंतूला का मारेल?

आणि एकच रेणू वेगळा काढण्याचा हट्ट कशासाठी? संपूर्ण द्रव्याचं काम त्याच्या एका तुकड्याने होत नाही.

पेट्रीडिश

वैद्यराज, कल्पाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. हिम सांगितला असेल तर हिमच तपासावा आणि पेपरात तसं लिहावं. मात्र ग्रंथात आहे म्हणजे सिद्ध झालं, इथे मी थांबतो. गुग्गुळाचं बघा. सुश्रुतसंहितेतलं मेदोरोगाचं वर्णन वाचून १९६६ मध्ये सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले आणि कोलेस्टेरॉल उतरलेलं दाखवलं. त्यातून भारतात औषध आलं. ग्रंथापासून प्रयोगशाळेपर्यंतचा इतका सुंदर प्रवास क्वचितच असतो. पण २००३ मध्ये अमेरिकेत तुलनेला प्लासिबो (औषध नसलेली गोळी) ठेवून आठ आठवड्यांची चाचणी झाली, तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) थोडं वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं.

वैद्य_अनुपान

त्या चाचणीत दिलं ते प्रमाणित केलेलं अर्क-द्रव्य. शोधन (शुद्धीकरण) केलेला गुग्गुळ नाही, योग नाही, पथ्य नाही, आणि प्रकृती बघून दिलेलंही नाही. तुम्ही पुन्हा दुसरंच काहीतरी तपासलंत.

पेट्रीडिश

मग शोधन, योग आणि पथ्यासकट चाचणी आखा. मी स्वतः तिला पाठिंबा देईन. पण प्रतिकूल निकाल आला की दर वेळी 'ते खरं औषध नव्हतं' असं उत्तर मिळणार असेल, तर कुठला निकाल आला म्हणजे तुम्ही दावा सोडाल हे आधीच लिहून ठेवावं लागेल.

सदाफुली

संपूर्ण द्रव्याच्या बाबतीत वैद्यराजांचा मुद्दा इतक्या लवकर सोडू नका. औषधशास्त्रात काम करते म्हणून सांगते.

दारुहळदीच्या कुळात बर्बेरिन असतं. एकटं बर्बेरिन स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर फिकं पडतं, कारण तो जंतू पंपाने ते बाहेर फेकतो. २००० साली दाखवण्यात आलं की याच कुळातल्या वनस्पतींत ५'-मेथॉक्सीहिडनोकार्पिन नावाचं दुसरं संयुग असतं आणि ते हा पंप अडवतं. त्याला स्वतःला जंतू मारता येत नाही. दोन्ही एकत्र आली की मारा जबरदस्त. नेहमीच्या पद्धतीने फ्रॅक्शन पाडले असते तर दोघं वेगळ्या नळ्यांत गेले असते, दोन्ही नळ्या नापास झाल्या असत्या आणि वहीत नोंद झाली असती, 'अ‍ॅक्टिव्हिटी हरवली'. अशा नोंदी किती वह्यांत पडून असतील! म्हणून फ्रॅक्शन पाडल्यावर जोर गेला तर तुकडे पुन्हा एकत्र करून बघा. हे फुकटात होतं आणि फारसं कोणी करत नाही.

पण माझं टोपणनाव ज्या झाडावरून आहे त्याची गोष्ट वैद्यराजांना वेगळ्या कारणासाठी सांगते. सदाफुलीची ख्याती मधुमेहावरची. कॅनडात रॉबर्ट नोबल यांनी तो अर्क उंदीरवर्गी प्राण्यांना तोंडाने दिला, साखर हलली नाही. टोचून दिला तर प्राणी संसर्गाने मरू लागले. कोणी म्हणालं असतं विषारी आहे, फेकून द्या. त्यांनी रक्त बघितलं. पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या. चार्ल्स बीअर यांच्यासोबत त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन जगासमोर आलं. परंपरेने झाडाकडे बोट दाखवलं, रोग वेगळाच निघाला, आणि उत्तर मिळालं कारण नापास झालेल्या प्रयोगातल्या मेलेल्या प्राण्याकडे कोणीतरी नीट पाहिलं. अगरच्या प्लेटवर यातलं काहीच दिसलं नसतं.

रानपान

वनस्पतिशास्त्राच्या बाजूने एवढंच: हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना जमा केला नसेल तर बाकी सगळा वाद फोल आहे. ९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया गेली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. नमुन्याचा क्रमांक, गोळा केल्याची जागा, महिना आणि कोणता भाग, हे लिहिलं नसेल तर तोच अर्क पुन्हा कोणालाच करता येणार नाही.

दुसरं_वर्ष

नमस्कार. मी अशाच प्रोजेक्टवर आहे म्हणून विचारतो. अर्क घातल्यावर एमटीटीमध्ये (जिवंत पेशी मोजायच्या रंगचाचणीत) पेशी १३० टक्के जिवंत दाखवतात. गाईड म्हणतात की अर्क पेशींना पोषक आहे असं लिही. आणि दुसरं, स्टार्च पचवणारं अल्फा-अमायलेज एन्झाइम रोखण्यात माझा अर्क अकार्बोज या मधुमेहाच्या औषधाच्या तोडीचा आहे. हे खरं धरू का?

सदाफुली

दोन्हींवर लगेच विश्वास ठेवू नकोस.

एमटीटीत पिवळ्याचा जांभळा रंग जिवंत पेशींनी करायचा असतो. पॉलिफिनॉल तेच काम पेशींशिवाय करतात. उद्या एका ओळीत पेशी न घालता फक्त मीडियम, अर्क आणि एमटीटी घाल. तिथेही जांभळं झालं तर तुझे वरचे ३० टक्के रसायनाचे आहेत. मग एमटीटी घालण्याआधी अर्क धुऊन काढ, किंवा एसआरबीने (पेशींतलं प्रथिन रंगवणाऱ्या चाचणीने) मोज.

अमायलेजच्या बाबतीत माझा पहिला संशय टॅनिनवर. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतं, एन्झाइम साक्याबरोबर खाली बसतं आणि आपल्याला ते रोधन वाटतं. चाचणीत थोडं सीरम अल्ब्युमिन घालून परत कर. परिणाम विरला तर टॅनिन. नाही विरला तर मात्र पुढे जा, आणि इथे येऊन सांग, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

फळा_खडू

बघा, पेट्रीडिश. हा मुलगा कच्च्या अर्कावरच काम करतोय, पुढच्या टप्प्याची त्याच्याकडे काहीही सोय नाही, आणि उद्या तो खोटा पॉझिटिव्ह ओळखायला शिकेल. तुमच्या नियमात हा प्रोजेक्ट झालाच नसता.

पेट्रीडिश

प्रोजेक्टबद्दल मी मागे हटतो. करू द्या, असाच करू द्या. छापण्याबद्दल नाही. हळदीतल्या करक्यूमिनचं काय झालं ते समोर आहे. चाचणीच्या प्रकाशात ते स्वतः चमकतं, धातू पकडतं, शरीराच्या पीएचला काही मिनिटांत मोडायला लागतं, त्यामुळे हव्या त्या चाचणीत पॉझिटिव्ह दिसतं. त्यावर १२०हून जास्त क्लिनिकल चाचण्या झाल्या, आणि २०१७च्या आढाव्यात औषधी-रसायनशास्त्रज्ञांनी लिहिलं की प्लासिबो ठेवून केलेली एकही डबल-ब्लाइंड (कोणाला काय दिलं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली) चाचणी यशस्वी झालेली नाही. रुग्ण, पैसा आणि वर्षं खर्ची पडली ती प्राथमिक पॉझिटिव्ह पेपरांच्या थप्पीवर विश्वास ठेवल्यामुळे.

फळा_खडू

मग छापण्याची अटच बदलूया. पेशींविना कंट्रोल, अल्ब्युमिनची चाचणी, एमआयसी आणि हर्बेरियम क्रमांक असेल तर छापा, निकाल शून्य आला तरी छापा. 'ही वनस्पती, हा भाग, हा कल्प, या जंतूवर १ मिलिग्रॅमपर्यंत काही नाही' असं लिहिलेलं पान मला दरवर्षी हवं असतं आणि कुठेच मिळत नाही, म्हणून तीच झाडं पुन्हा पुन्हा तपासली जातात. असा शून्य निकालाचा पेपर तुमच्याकडे तपासायला आला तर स्वीकाराल का?

पेट्रीडिश

या चारही गोष्टी असतील तर स्वीकारेन. संपादक छापतील की नाही याची हमी मी देऊ शकत नाही, पण माझा शेरा अनुकूल असेल.

वैद्य_अनुपान

पाचवी अट घाला: कल्प कोणता आणि तो कोणत्या ग्रंथाप्रमाणे केला. माझ्याकडून काढे आणि हिम करून हवे असतील तर देतो, नापास झाले तर तेही माझ्या नावासकट छापा.