हेरपट आणि नमनाला घडाभर तेल

तिसरी_घंटा:
‘हेरपटाची पहिली दहा मिनिटं चुकली तरी काही बिघडत नाही. पाठलाग, स्फोट, टायटल्स, संपलं,’ असं चष्मिष्टने काल ठोकून दिलं. डोकंच फिरलं. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३) घ्या. टायटल्सच्या आधी रात्रीच्या बागेत बाँडचा गळा आवळला जातो. मग प्रेताचा मुखवटा ओढतात, तर खाली भलताच माणूस! गळा आवळणारी तार मारेकऱ्याच्या घड्याळातून निघते. ते पाहिलेलं असतं म्हणूनच पुढे रेल्वेच्या डब्यात त्याचा हात घड्याळाकडे गेला की आपली पाचावर धारण बसते. उशिरा येणाऱ्याला तो नुसताच मनगट चाळवणारा माणूस.

चष्मिष्ट:
उदाहरण साठ वर्षांपूर्वीचं, वा! ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ (१९७७) मध्ये कड्यावरून स्कीवर उडी आणि ब्रिटिश झेंड्याचं पॅराशूट. स्टंटमन रिक सिल्व्हेस्टरने उडी खरी मारली, सलाम. पण कथेशी संबंध?

तिसरी_घंटा:
त्याच पाठलागात बाँड नायिकेच्या प्रियकराला मारतो, महाराज! तिचा सूड तिथूनच सुरू होतो.

अर्धवटराव:
ते राहू द्या. पडद्यावर टकटक करत उमटणारं शहराचं नाव आधी बंद करा. वेळ सेकंदासकट, आणि त्या सेकंदाचा पुढे कोणी हिशेब विचारत नाही. एका स्टुडिओत मला अक्षरागणिक एकेक टक बसवायला लावली होती. पैसे अजून यायचेत.

मुक्काम_पोस्ट:
टकटक हवीच. वडिलांची नजर अधू होती. टकटक ऐकली की विचारायचे, ‘आता कुठे आलो?’

अर्धवटराव:
म्हणजे तुमच्या घरच्यांसाठी जगाने टकटक ऐकायची?

मुक्काम_पोस्ट:
वडिलांवर जाऊ नका. तुमचे पैसे बुडाले त्यात टकटकीचा काय दोष?

अर्धवटराव:
‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (२०११) बघा. बुडापेस्टच्या कॅफेत वेटरचा घाम टेबलावर टपकतो, तिथेच पोटात गोळा येतो. आवाजाच्या कुबड्या कशाला?

मुक्काम_पोस्ट:
घामाला आवाज नसतो. वडिलांना तो कसा कळणार होता?

चष्मिष्ट:
तुमचं चालू द्या. घंटाशेठ, प्रियकराचा गुण घ्या, वर एक नारळही घ्या. आता ‘गोल्डफिंगर’ सांगा. बाँड पाण्यातून वर येतो, ओला पोशाख उतरवतो, आत कोरडा पांढरा कोट! ही हेरगिरी की लाँड्री?

तिसरी_घंटा:
आणि स्फोट होतो तेव्हा तो बारमध्ये उभा राहून सिगारेट पेटवतो. बाकीचे दचकून पळतात, हा जागचा हलत नाही. हा गडी कसा आहे, ते एकही संवाद न लिहिता याहून कमी वेळात दाखवा, मग बोलू.