मदत हवी आहे : इतिहास, अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र यांसाठी वेगवेगळे लेखन कसे शिकावे?

नमस्कार. मी वडोदऱ्यात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून हे तिन्ही माझे विषय आहेत. लेखन इंग्रजीत करावे लागते, पण माझी अडचण भाषेची नाही, मांडणीची आहे.

या सत्रात बडोदा संस्थानातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावर मला दोन विषयांसाठी निबंध लिहायचे आहेत. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात ही योजना सुरू केली आणि १९०६ मध्ये ती सर्व संस्थानाला लागू झाली. इतिहासाच्या बाई विचारतात की हे कोणत्या कागदावरून कळले, तो कोणी व कोणासाठी लिहिला, आणि संस्थानाच्या वार्षिक अहवालात जे चित्र दिसते तेच गावातल्या पालकांनाही दिसत होते का. अर्थशास्त्राच्या सरांना मात्र मूल शाळेत गेल्यामुळे शेतातले जे काम बुडते, त्याचा हिशेब कुटुंबाने कसा केला असेल, याची मांडणी हवी असते आणि तीही गृहीतके आधी स्पष्ट करून.

मानसशास्त्राच्या प्रयोगाच्या अहवालाची चौकट ठरलेलीच आहे. किती जणांना कोणती शब्दयादी किती वेळ दाखवली हे ‘पद्धत’ या भागात जाते, आणि त्यावरून काय समजायचे ते ‘चर्चा’ येईपर्यंत लिहायचे नसते.

संदर्भांचेही तसेच. मानसशास्त्रात वाक्यातच कंसात आडनाव आणि वर्ष येते, कारण संशोधन किती अलीकडचे आहे याला तेथे वजन असते. इतिहासात जुन्या पत्राची तारीख, दप्तर आणि पृष्ठ कंसात मावत नाही, म्हणून तळटीप लागते. हे कारण उमगल्यापासून तळटिपा मला जाचक वाटत नाहीत. अशी कारणे बाकीच्या नियमांमागेही असणारच, आणि मला तीच समजून घ्यायची आहेत.

अर्थशास्त्राच्या निबंधात मुख्य विधान पहिल्याच परिच्छेदात द्यावे का? इतिहासात ‘मला वाटते’ असे लिहिलेले चालते का, की मत पुराव्याच्या मांडणीतूनच दिसावे? एकाच विषयावरचे दोन निबंध लिहिताना टिपणे एकत्र ठेवावीत की सुरुवातीपासूनच वेगळी काढावीत? यांपैकी कोणताही विषय शिकवणाऱ्या किंवा त्यात पदव्युत्तर अभ्यास केलेल्या सदस्यांनी एखादा परिच्छेद नमुना म्हणून लिहून दाखवला, तर मला फार मदत होईल.